हळदीचा पुरावा

गेल्या आठवड्यात विळीवर दोडका चिरताना बोट कापलं. सवयीनं मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद जखमेवर दाबली, वर जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आणि पुन्हा चिरायला बसले. तेवढ्यात ओहायोतून पुतणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा तिकडे शिकतो, दर रविवारी न चुकता फोन करतो. बोटाची पिवळी चिंधी बघून म्हणाला, "आज्जी, जपून हं! अमेरिकेनं हळद चोरली होती. मग आपण कोर्टात केस जिंकून ती परत आणली. आमच्या ग्रुपवर आलं होतं."

आता सांगा, चौतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेल्या बाईनं यावर गप्प कसं बसावं? दोन वाक्यांत चार चुका! वहीत असतं तर लाल पेन काढलं असतं. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण त्याची लोकल ट्रेन आली आणि माझी भाजी करपली. "लिहून ठेव ना आज्जी, मी वाचतो," म्हणाला. म्हणून हा लेख. लिहायला बसले ते हळदीवर, पण शेवटी आमच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरातल्या एका ट्रंकेपाशी येऊन थांबले. ती ट्रंक आमच्या नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे.

आधी चुका दुरुस्त करू.

ते पेटंट अमेरिकेच्या सरकारनं घेतलेलं नव्हतं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांनी डिसेंबर १९९३ मध्ये अर्ज केला होता. त्यांची नावं सुमन दास आणि हरिहर कोहली. म्हणजे दोघंही मूळचे आपल्याकडचेच. २८ मार्च १९९५ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ५४,०१,५०४. पेटंट हळदीच्या झाडावर नव्हतं, गड्ड्यावर नव्हतं. हळदीची पूड देऊन जखम भरून आणायची पद्धत, एवढ्यापुरतं ते होतं. तरी वाचून अंगावर काटा येतोच. कारण त्या कागदाप्रमाणे अमेरिकेत कुणी जखमेवर लावायचं औषध म्हणून हळदीची पूड विकायला काढली असती, तर त्याला या पेटंटवाल्यांची परवानगी घ्यावी लागली असती. तिसरी चूक म्हणजे कोर्ट. या प्रकरणात कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही. आणि चौथी, 'परत आणली'. पेटंट रद्द झालं, ते भारताला मिळालं नाही. हळद आधी होती तशीच सगळ्यांची राहिली.

मग झालं काय? झाली ती फेरतपासणी.

माझ्यासारख्या दहावीचे पेपर तपासलेल्या बाईला ही गोष्ट समजायला सोपी गेली. आपल्याकडे निकाल लागला की काही मुलं बोर्डाकडे अर्ज करतात. आधी गुणपडताळणी, मग उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे असे अर्ज घेऊन गेलेले पालक मी पुष्कळ पाहिलेत. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातही अशी सोय आहे. १९८० साली त्यांनी कायदा केला, १९८१ पासून ती सुरू झाली. एकदा दिलेलं पेटंट पुन्हा तपासायचं, तेही कोर्टात न जाता, त्याच कार्यालयात. कोर्टात पेटंट खोडून काढायचं तर वर्षानुवर्षं आणि लाखो डॉलर लागतात. त्यामानानं हा स्वस्त आणि जलद रस्ता.

फरक एवढाच की आपल्या बोर्डात ज्याचा पेपर त्यानं अर्ज करायचा. तिथं दुसऱ्याच्या पेपरची फेरतपासणीही मागता येते! जगातला कुणीही माणूस, पेटंट जिवंत असेपर्यंत कधीही, फी भरून अर्ज करू शकतो. पेटंटचा मालक स्वतःसुद्धा करू शकतो. आपल्या पेटंटवर कुणी शंका घेत असेल तर स्वतःच पुन्हा तपासून घ्यावं आणि निर्धास्त व्हावं, असं शहाणे संशोधक करतात.

पण नुसतं "माझा विश्वास नाही" म्हणून चालत नाही. पहिल्या तपासणीत सुटलेला, पेटंट मुळात द्यायला हवं होतं का अशी खरी शंका उभी करणारा नवा मुद्दा अर्जात दाखवावा लागतो. तसा मुद्दा आहे की नाही हे कार्यालय तीन महिन्यांत ठरवतं. आहे असं वाटलं तर फेरतपासणीचा हुकूम निघतो. मालकाला आपलं म्हणणं मांडायला वेळ मिळतो. त्यानं लेखी म्हणणं दिलं तर अर्जदाराला एकदा उत्तर देता येतं, आणि तिथं अर्जदाराचं काम संपतं. पुढं सगळं तपासनीस आणि मालक यांच्यात चालतं. मालकाला आपले दावे आखडते घेता येतात, शब्द बदलता येतात, पण वाढवता येत नाहीत. म्हणजे गुण कमी होतील, आहेत तेवढेच राहतील, पण वाढणार मात्र नाहीत. शेवटी एक प्रमाणपत्र निघतं. कुठले दावे टिकले, कुठले बदलले, कुठले रद्द झाले ते त्यात असतं. (२०१२ पासून तिथं विरोधकांसाठी तीन न्यायाधीशांपुढची आणखी एक पद्धत आली आहे, पण ही जुनी वाट अजून चालू आहे.)

आता या सगळ्यातली मेख ऐका. त्या अर्जाला पुरावा कसला लागतो? फक्त दोन प्रकारचा. आधीची पेटंटं, किंवा छापून प्रसिद्ध झालेला मजकूर. तुमची आजी काय करायची, गावात काय चालतं, कोट्यवधी घरांत रोज काय होतं, याची तिथं दखल नाही. इतकंच काय, त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरतच नव्हते. अमेरिकेत कुणी वापरत असेल तर ते धरायचे, पण भारतातलं असेल तर छापील दाखवा! २०१३ च्या मार्चपासून येणाऱ्या अर्जांना हा नियम बदलला. १९९६ मध्ये तो पुरा लागू होता.

म्हणजे जी गोष्ट पन्नास पिढ्यांना इतकी ठाऊक होती की ती लिहायची कुणाला गरज वाटली नाही, ती गोष्ट लिहिलेली दाखवा, असा हा पेच होता.

तो सोडवला आपल्या माशेलकरांनी. 'आपल्या' म्हणायला मला आवडतं. रघुनाथ माशेलकर, जन्म १९४३, गोव्यातल्या माशेल गावचे. वडील लहानपणीच गेले, आईनं मुंबईत गिरगावात काबाडकष्ट करून वाढवलं, शाळा युनियन हायस्कूल. तिथल्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगानं कागद जाळून दाखवला आणि शक्ती एकवटली की काय होतं ते सांगितलं, ही आठवण माशेलकर स्वतः अनेकदा सांगतात. (शिक्षक मंडळींनो, आपण वर्गात काय काय बोलून जातो ते कुठवर जातं बघा.) तर हे माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९९५ मध्ये दिल्लीला सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. पेटंट मिळालं त्याच वर्षी.

ऑक्टोबर १९९६ मध्ये सीएसआयआरनं फेरतपासणीचा अर्ज केला. सोबत बत्तीस संदर्भ जोडले. संस्कृत, हिंदी, उर्दू भाषांतले ग्रंथ, काही तर शंभर वर्षांहून जुने. संबंधित मजकूर इंग्रजीत भाषांतर करून दिला. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही त्यात होता. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं ज्यांनी ग्रंथालयांतली ती जुनी पुस्तकं शोधली. जखमेवर हळद लावतात हे वाक्य कुठं छापलंय, एवढंच शोधायचं! सोपं वाटतं ना? करून बघा. आपल्या घरात रोज होणारी एखादी गोष्ट घ्या आणि ती पन्नास वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकात दाखवा.

पेटंटवाल्यांनी सहजासहजी सोडलं नाही. विद्यापीठानं पुढं लढायचं नाही असं ठरवलं, हक्क संशोधकांकडे सोपवले. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही दाखवता ते लेप आहेत, आमची आहे पूड. लेप आणि पूड यांचे गुणधर्म वेगळे, शरीरात शोषल्या जाण्याची रीत वेगळी. लेप गुणकारी आहे म्हणून पूडही असेलच हे जाणकाराला खात्रीनं कसं सांगता येईल? ऐकून हसू येतं, पण वकिली दृष्टीनं मुद्दा चुकीचा नव्हता. पेटंटच्या जगात शब्दाला किंमत असते. दाव्यात 'पूड' असं लिहिलं असेल तर पुराव्यातही पूड दाखवावी लागते, नाहीतर लेपावरून पूड सुचणं हे कुणाही जाणकाराला सहज होतं हे पटवावं लागतं. तपासनीसानं संदर्भ वाचले, आणि दोन्ही अंगांनी निकाल दिला. ही गोष्ट आधीपासून माहीत होती, आणि जिथं थोडाफार फरक आहे तो कुणालाही सुचण्यासारखा आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये सगळे दावे फेटाळले गेले. एप्रिल १९९८ मध्ये प्रमाणपत्र निघून प्रकरण बंद झालं. माशेलकरांनी पुढं भाषणांतून याला हळदीघाटाची लढाई म्हटलं. नाव झकास आहे, पण या लढाईत तलवारी नव्हत्या. होती ती जुनी पुस्तकं आणि वाळवीपासून ती वाचवणारी माणसं.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या सांगलीशी जोडलेली आहे. गंमत म्हणजे ती हळदीची नाही! सांगली म्हणजे हळदीची पेठ, हरिपूरची जमिनीखालची पेवं आपण लहानपणी पाहिलेली. पण ही गोष्ट कडुनिंबाची. अमेरिकेचं कृषी खातं आणि ग्रेस नावाची कंपनी यांना युरोपात कडुनिंबाच्या तेलावर पेटंट मिळालं होतं, पिकांवरची बुरशी मारण्यासाठी. १९९५ मध्ये वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या साथीदारांनी त्याला विरोध केला. युरोपच्या कार्यालयानं मे २००० मध्ये म्युनिकला ते रद्द केलं, आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळलं. तिथं जो पुरावा फार मोलाचा ठरला तो पुस्तकातला नव्हता. सांगली आणि पुणे या दोन जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या समोर कडुनिंबाच्या तेलाचे प्रयोग झाले होते, असं शपथेवर सांगितलं गेलं. युरोपचा कायदा लोकांसमोर झालेला वापर पुरावा म्हणून धरतो, मग तो जगात कुठंही होवो. म्हणजे बांधावर उभं राहून ज्यांनी ती फवारणी बघितली, ते आपले शेतकरी नकळत म्युनिकच्या निकालाला कारण झाले. एकच प्रश्न, पण अमेरिका म्हणाली कागद दाखव, युरोप म्हणाला साक्षीदार आण.

दर वेळी सगळंच पेटंट जातं असं मात्र समजू नका. टेक्ससच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर पेटंट मिळालं. त्यात वीस दावे होते. आपल्या कृषी निर्यात प्राधिकरणानं एप्रिल २००० मध्ये फेरतपासणी मागितली. आव्हान दिलं होतं मोजक्या दाव्यांना, पण प्रकरण असं उलगडत गेलं की शेवटी वीसांतले पाचच राहिले. त्यांनी स्वतः तयार केलेले खास वाण तेवढे त्यांच्याकडे राहिले, आणि ते रास्तच होतं. जे खरोखर तुम्ही नवं केलंत ते तुमचं, जे आधीपासून होतं ते सगळ्यांचं. फेरतपासणीनं करायचं काम एवढंच. त्यामुळे तिच्याकडे नुसतं शत्रूचं हत्यार म्हणून बघू नये. खऱ्या संशोधकाला तिची भीती नसते.

आता ट्रंकेकडे येते.

माझे आजोबा संस्थानच्या काळात पन्हाळ्याकडच्या एका गावात तलाठी होते. माणूस भारी चौकस. सारा वसूल करायला गावोगाव हिंडायचे आणि जिथं बसतील तिथं बायाबापड्यांना, धनगरांना, वैदूंना विचारत राहायचे. म्हशीला आफरा आला तर काय करता? पोराला गोवर आला तर? गुरांच्या पायाला किडे पडले तर? आणि ते सगळं एका बाडात लिहून ठेवायचे. मोडी लिपीत, टाकानं, पुडीच्या निळ्या शाईनं. प्रत्येक नोंदीखाली तारीख, गाव, आणि सांगणाऱ्याचं नाव. सरकारी कागद लिहायची सवय, दुसरं काय! सुमारे दीडशे पानं भरली होती.

मोडी मला आजोबांनीच शिकवली. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी ते बाड माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ताई, आता तुझ्याखेरीज घरात हे कुणाला वाचता येत नाही. बाळबोधीत उतरव." मी हो म्हटलं. मग नोकरी, लग्न, मुलं, पेपर, सासूबाईंचं आजारपण. बाड ट्रंकेत, ट्रंक माहेरच्या घरी कॉटखाली. २००८ मध्ये निवृत्त झाले. २०११ च्या मे महिन्यात एकदाची बसले आणि अकरा पानं उतरवली. बारावं पान किचकट होतं, अक्षर पुसट झालेलं. म्हटलं, नवा चष्मा आला की करू.

चष्मा आला. बारावं पान झालं नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हा सगळ्यांना आठवतोय. पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा वहिनी आणि मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. आठ दिवसांनी घर उघडलं. खिडकीच्या गजापर्यंत चिखलाची रेघ. ट्रंक उघडायला पहार लागली. आत बाडाचा एक निळा लगदा झाला होता. मी तो गच्चीवर वाळत घातला. वाळल्यावर त्याची वीट झाली. एकही पान सुटं होईना.

रडले मी तेव्हा. भाऊ म्हणाला, "अगं ताई, माणसं वाचली, कागदाचं काय घेऊन बसलीस." त्याचं खरंच आहे. पण ज्या बायकांनी आजोबांना ओसरीवर बसून सांगितलं होतं, त्यांची नावं जगात दुसऱ्या कुठल्याच कागदावर नव्हती, हेही खरंच आहे.

उरली ती माझी अकरा पानं. हा लेख लिहिताना ती परत काढून वाचली. सातव्या पानावर हळद आहे. बैलाच्या मानेला जू घासून जखम होते, त्यावरची नोंद. सांगणारी गावातली एक कुंभारीण. ती म्हणते, जखम वाहत असेल तर कोरडी हळद भुरभुरावी, सुकू लागली की तेलात कालवून लेप द्यावा. माणसालाही हेच करावं. (डॉक्टरांना दाखवण्याऐवजी हे करा असं मी म्हणत नाही. माझ्या बोटाला मी नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच.)

वाचता वाचता मी थांबले. कोरडी पूड वेगळी, लेप वेगळा. कुठलं कधी. ज्या मुद्द्यावर अमेरिकेत वाद चालला, तो आमच्या कुंभारणीनं आजोबांना दोन वाक्यांत सांगून ठेवला होता, तारीखवार! आणि १९९७ साली, तो वाद चालू असताना, ते बाड धडधाकट होतं. आमच्या कॉटखाली.

क्षणभर वाटलं, अरे, कुणीतरी विचारलं असतं तर! मग लक्षात आलं, विचारलं असतं तरी उपयोग नव्हता. पुरावा म्हणून चालतो तो प्रसिद्ध झालेला मजकूर, शोधणाऱ्याला सापडू शकेल असा. ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेलं हस्तलिखित कितीही जुनं असलं तरी त्या कायद्याच्या दृष्टीनं ते नसल्यासारखंच. आजोबांनी त्यांचं काम केलं होतं. निम्मं काम माझ्याकडे होतं, आणि ते पन्नास वर्षं कॉटखाली पडून राहिलं.

हळदीच्या प्रकरणानंतर देशानं मात्र शहाणपणा केला. दर वेळी एकेक पेटंट गाठून फेरतपासणी मागणं किती दिवस परवडणार? त्यापेक्षा पेटंट देण्याआधीच तपासनीसाला दिसेल अशी सोय करावी, म्हणून सीएसआयआर आणि आयुषवाल्यांनी पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली चार लाखांहून अधिक औषधयोगांची माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत तिथं ठेवली आहे. २००९ पासून युरोपची आणि अमेरिकेची पेटंट कार्यालयं ती बघतात. आपल्या कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीनं पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. शिवाय एखाद्या समाजात तोंडी चालत आलेलं ज्ञानसुद्धा विरोधाचं कारण म्हणून मांडता येतं. पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध करू शकतो, मिळाल्याची प्रसिद्धी झाल्यावर एक वर्षाच्या आत हितसंबंधी माणूस करू शकतो. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, आपला महाराष्ट्र त्यांच्याकडे येतो. पण तोंडी ज्ञान चालतं म्हटलं, तरी ते तोंडानं सांगणारं माणूस जिवंत असायला लागतं. आमची कुंभारीण केव्हाच गेली. तिच्या नातसुनेला विचारलं तर म्हणाली, "आम्ही आता मेडिकलमधून ट्यूब आणतो."

इथं उद्यमनगरातल्या माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत सगळं उलटं आहे. त्याचं छोटं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड ढकलताना माणूस भाजतो, म्हणून त्यानं एक जुळणी केली आहे. पेढे घेऊन दाखवायला आला. "बाई, बघा, सगळ्या ग्रुपवर फोटो टाकलेत!" मी म्हटलं, अरे वेड्या, पेटंट घ्यायचंय ना? मग आधी अर्ज, नंतर फोटो. आपण स्वतः जगाला दाखवलेली गोष्टही आपल्याच अर्जाच्या आड येऊ शकते. पूर्ण तपशील तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते, आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. त्याला वकिलाकडे धाडलंय. फोटो आधीच गेल्यामुळे किती अडचण येते ते तो वकीलच सांगेल.

थोडक्यात, ज्याला एकट्यासाठी हक्क हवा त्यानं अर्ज होईपर्यंत तोंड मिटून बसावं, आणि ज्याला वाटतं की हे कुणा एकट्याचं होऊ नये, त्यानं ते उघड्यावर मांडावं. ट्रंकेत ठेवण्यानं यातलं एकही साधत नाही.

ओहायोच्या पोराची आई, म्हणजे माझी पुतणी, हे ऐकून म्हणाली, "आत्या, सगळं उघड टाकलंस तर कुणीतरी उचलेल आणि पैसे करेल." शंका रास्त आहे. उघड्यावरची गोष्ट कुणीही वापरू शकतो. पण मग ती माझी आहे असं म्हणून कुणी दुसऱ्याला अडवू शकत नाही. आणि मुळात ते आमच्या घरचं थोडंच होतं? आजोबा नुसते लिहून घेणारे. सांगणारी माणसं कुंभारवाड्यातली, धनगरवाड्यातली. म्हणून ठरवलंय की आधी गावात जायचं. जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायची असते, ती जिच्याकडे असते त्या समितीला अकरा पानांची एक प्रत द्यायची. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवायची, त्यांची हरकत नाही ना ते विचारायचं. मग नावांसकट, तारखांसकट, मोडी आणि बाळबोध शेजारी शेजारी, इथं टाकायची. मोडी पानांचे फोटो सगळ्या अकरांचे नाहीत, चारांचेच आहेत. तेव्हा मोबाइल नवा होता, मला नीट काढता यायचे नाहीत.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी कुणी आजोबांच्या तोंडून बाडातलं काही ऐकलं असेल, लहानपणी कुणी म्हशीला, पोराला काही दिलेलं पाहिलं असेल, तर मला फोन करा. नुसतं औषध नको, कुणी सांगितलं, कुठल्या गावात, साधारण कधी, तेही सांगा. माझं वय त्र्याहत्तर आहे. मोतीबिंदू झालाय एका डोळ्यात. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, पण त्याची वाट बघत थांबायचं नाही असं ठरवलंय. बारावं पान तसंच राहिलं ते चष्म्याच्या नावाखाली.

बोट बरं आहे. पिवळा डाग तेवढा अजून गेलेला नाही.